दुखत नाही, म्हणून काय झालं?

तेरखेड्याचं नाव फटाक्यांमुळं झालं. आजवर आग लागली नाही म्हणून कुठलाही शहाणा कारखानदार वाळूच्या बादल्या रित्या करत नाही. पण आरोग्य तपासणीचा विषय निघाला, की गावात एकच सूर: "काही दुखत नाही, मग कशाला दाखवायचं?"

वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, साखरही नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग तर एचपीव्ही विषाणू शिरल्यावर बहुतेकदा दहाहून अधिक वर्षांनी उभा राहतो. दुखण्याची वाट पाहणं म्हणजे रोगालाच मुदत देणं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: "तपासलं की काहीतरी निघतंच, सगळा पैशाचा खेळ!" तो निम्मा खरा आहे. वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात १७ अभ्यास आणि अडीच लाख माणसं होती. सरसकट तपासण्यांनी मृत्यू जवळपास घटले नाहीत. पॅकेज विकणारे हे सांगत नाहीत.

पण म्हणून कुठलीच तपासणी नको? उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर टाटा स्मारक आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या मंडळींनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास केला. गावांचे चार गट पाडले: एकात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, चौथ्यात नेहमीचीच सेवा. आठ वर्षांत चौथ्या गटात या कर्करोगानं ६४ बायका गेल्या. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात ३४. उरलेल्या दोन तपासण्यांनी मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. २००९ साली हे जगापुढं आलं. 'सगळं तपासा' म्हणणारे आणि 'काहीच नको' म्हणणारे, दोघेही इथं उघडे पडतात. तपासणी मोजकीच हवी, पण पारखलेली हवी.

राहिला तिसरा आक्षेप: "दवाखान्यात गेलं की रोज बुडतो." हा खरा आहे, आणि त्याला उपदेश हे उत्तर नव्हे. तिशीपुढच्यांचा रक्तदाब आणि साखर सरकार फुकट तपासतं. ते काम कारखान्याच्या फाटकाशी, जेवणाच्या सुट्टीत व्हावं. बायकांसाठी सरकारी भर अजून आम्लाच्या पाहणीवरच आहे; त्याजागी एचपीव्ही चाचणी यावी. दोष निघाला तर पुढच्या उपचाराची तारीख तिथंच हातात पडावी. ज्या जिल्ह्यातल्या बायकांनी जगाला पुरावा दिला, त्यांच्या लेकीसुनांचा या चाचणीवर पहिला हक्क आहे. तो ग्रामसभेत ठराव करून मागावा.