होमपेज करून दाखवा, मग बघू

कुणाला झोंबलं तर झोंबो, पण एकदा लिहूनच टाकतो. वेबसाइट करणाऱ्याला 'आधी होमपेज करून दाखवा, आवडलं तर पुढचं बघू' असं सांगणं हा अपमान आहे. चहा पाजून, 'तुम्ही काय, घरचेच' म्हणून सांगितलं तरी अपमानच.

यावर ठरलेलं उत्तर येतं. अहो, लग्नाचं जेवण ठरवताना आचारीसुद्धा चव दाखवतोच की! दाखवतो ना. वाटीभर मसालेभात आणि एखादी जिलबी. पूर्ण पंगत वाढ, आवडली तर पैसे देऊ, असं त्याला कुणी म्हणून बघावं. आमच्याकडची ती वाटी म्हणजे आधी केलेल्या साइट्स. त्या बघा, त्यांच्या मालकांना फोन करून विचारा. होमपेज ही मात्र चव नव्हे. साइटवर कोण येणार, काय शोधत येणार, काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे सगळं ठरल्याशिवाय ते होतच नाही. म्हणजे डोक्याचं काम तिथेच संपलेलं असतं, उरते ती हातांची मजुरी. एका संस्थेने माझ्याकडून असं 'नुसतं दाखवायला' करून घेतलं. चार महिन्यांनी तीच मांडणी, तेच रंग, बटणांवरचे शब्दसुद्धा तेच, दुसऱ्या कुणाकडून तरी स्वस्तात उभं केलेलं दिसलं. चहा चांगला होता, एवढं मान्य करायला हवं.

मुळात हे काम कुणाला काम वाटतच नाही. 'पाच मिनिटांचं तर आहे, माझा भाचा पण करतो.' करत असेल, भाच्याशी माझं काही वाकडं नाही. पण मराठी साइटचं एक साधं उदाहरण घ्या. 'शीर्षकातली अक्षरं जरा ऐसपैस करा' म्हणणारं गिऱ्हाईक हमखास भेटतं. इंग्रजीत ते खपून जातं. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द फटी पडलेल्या दातांसारखा दिसतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर जाऊन आदळतात. हे समजावून सांगितलं की ऐकायला मिळतं, 'तुम्ही वाद फार घालता बुवा.'

जुन्या ब्लॉगवाल्यांना आठवत असेल, युनिकोड रुळण्याआधी मराठी साइट उघडली की आधी तिचा फाँट उतरवून घ्यायचा, नाहीतर समोर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. शोधायला जावं तर काही सापडायचं नाही. त्यातून बाहेर पडतोय तर इंटरनेट एक्सप्लोरर ६. २००१ साली आला आणि पुढे कित्येक वर्षं त्याच्या लहरी सांभाळण्यात आमच्या रात्री गेल्या. मग मोबाइल आले. २०१० मध्ये ईथन मार्कॉटने 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन'ची कल्पना मांडली आणि सगळे पुन्हा बालवर्गात. (एक्सप्लोरर अखेर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला तेव्हा मी पेढे वाटले. खरंच.) हे शिकणं कुठल्या बिलात धरतात? आणि आता नवं पालुपद, 'एआय फुकटात करतं.' मग घ्या की त्याच्याकडून करून, मला फोन कशाला?

नव्या मुलांना 'आधी फुकट करा, नाव होईल' सांगणाऱ्यांचा तर मला मनस्वी राग येतो. नाव होतं ते 'फुकट करणारा' म्हणून. त्यावर पुढचे दहा येतात, तेही फुकटेच. माइक मॉन्टेरो नावाच्या डिझायनरने २०११ साली सॅन फ्रान्सिस्कोत या विषयावर एक भाषण दिलं होतं, स्वतःच्या वकिलाला व्यासपीठावर बसवून. भाषणाचं नाव इथे लिहीत नाही, काकू ब्लॉग वाचतात. करार केल्याशिवाय कामाला हात लावू नका, हा त्यातला सल्ला मात्र पोरांनी भिंतीवर लावावा.

आता आमच्या जातभाईंकडे वळतो. गिऱ्हाइकाचं डोमेन स्वतःच्या नावावर घ्यायचं आणि भांडण झालं की ते दाबून ठेवायचं, हा धंदा करणारे आहेत. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं टाकून 'मिनिमल' म्हणणारे तर ढिगाने. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान ४.५ ला १ एवढा फरक हवा, हे वेबच्या सुगम्यतेच्या नियमांत २००८ पासून लिहिलेलं आहे. चित्राला पर्यायी मजकूर दिला नाही तर स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध माणसाला बऱ्याचदा फाइलचं नाव ऐकावं लागतं. आणि हेच लोक गिऱ्हाईक मान देत नाही म्हणून गळा काढणार!

असो. नातेवाईक मंडळींसाठी आता थेट. अर्धे पैसे आधी. डोमेन तुमच्याच नावावर. दुरुस्त्या दोन फेऱ्यांत, त्याही लिहून. रात्री दहानंतर व्हॉट्सअ‍ॅप नको. लग्नाची साइट आहेर म्हणून आनंदाने करून देईन, पण आहेर काय द्यायचा ते मी ठरवणार.