उठावदार कार्ड, खिशाला परवडेल असं!

दिवाळीच्या शुभेच्छा हल्ली आपण सगळेच फॉरवर्ड करतो. ऑफिसच्या ग्रुपवर जो दिवा, तोच मामेभावंडांच्या ग्रुपवर! पण समजा तुमचं गाव सिहोरा आहे, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. नोकरी पुण्यात. आणि घरी आजीला मोतीबिंदूमुळे मोबाइलवरचं धड दिसत नाही. मग तो दिवा तिच्यापर्यंत पोचतच नाही. अशा वेळी कामाला येतं उठावदार कार्ड. त्यावर बोट फिरवलं, की भाताची लोंबी हाताला लागते. सो, या वीकेंडचा विषय : एम्बॉसिंग पेस्ट आणि तिचे स्वस्त पर्याय.

कृती सोपी आहे. कार्डावर स्टेन्सिल ठेवायचं, वरून पेस्ट पसरायची, स्टेन्सिल उचलायचं. वाळलं की नक्षी कागदावर उभी! प्रॉब्लेम किमतीचा. हॉबी शॉपमधली डबी काहीशे रुपयांना पडते, इंपोर्टेड असेल तर विचारूच नका. महिनाअखेरीला एका कार्डासाठी एवढा खर्च कशाला? डबीत असतं काय, तर एक बारीक पूड आणि तिला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. बस्स!

ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. तंजावरच्या मराठा राजांच्या, विशेषतः सरफोजी दुसरे (१७९८ ते १८३२) यांच्या काळात बहरलेली तंजावर चित्रं आठवा. देवांचे ते फुगीर दागिने खडूची पूड आणि डिंक किंवा चिंचोक्याची खळ यांच्या लगद्यानं भरलेले असतात, त्यावर सोन्याचा वर्ख. फॉर्म्युला तोच, डबी नव्हती इतकंच.

आता आपला लगदा. साधारण दोन चमचे पूड, एक चमचा फेविकॉल, एक चमचा पांढरा ॲक्रिलिक रंग. हे श्रीखंडाइतकं घट्ट झालं पाहिजे. सैल झालं तर स्टेन्सिलखाली ओघळतं, फार घट्ट झालं तर भेगा पडतात. पूड कुठली घ्यायची, त्यावर फिनिश ठरतं :

खडूची पूड : सगळ्यात स्वस्त. मऊ, मॅट फिनिश. फडक्यातून चाळून घ्या, नाहीतर गुठळ्या राहतात.

पांढरी रांगोळी : दगडाचीच पूड, त्यामुळे चाळली तरी थोडी खरखरीत. बोटांना छान जाणवते, म्हणून आजीच्या कार्डासाठी माझं मत हिलाच!

वॉल पुट्टी : हार्डवेअरच्या दुकानात मिळते. डब्यातली तयार ॲक्रिलिक पुट्टी घ्या. पावडरची पुट्टी व्हाइट सिमेंटची असते, हाताची आग करते आणि कार्ड वाकलं की तडकते.

प्लास्टर ऑफ पॅरिस : गुळगुळीत होतं, पण मिनिटांत घट्ट होतं. लागेल तेवढंच कालवा.

टाल्कम पावडर : नेटवर सगळीकडे हीच रेसिपी दिसते. पण २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं टाल्कला ‘बहुधा कॅन्सरकारक’ गटात टाकलं. खडू असताना ही धूळ नाकात कशाला? तसं कुठलीही पूड कालवताना नाकाला रुमाल बांधलेला बरा.

आणि एक मोह टाळा. भाताच्या मुलखात कार्ड चाललंय म्हणून तांदळाच्या पिठाची खळ वापराल, तर पावसाळ्यात बुरशी धरेल आणि कसर लागेल ती वेगळीच.

स्टेन्सिलही विकत नको. जुनी एक्स-रे फिल्म किंवा ऑफिसचा प्लास्टिक फोल्डर कटरनं कापा. कार्डाचा कागद २५० जीएसएमच्या वरचा हवा, पातळ कागद ओलाव्यानं वळतो. एक्स्पायर झालेल्या एटीएम कार्डानं लगदा एकदाच सपाट ओढा, जाडी एखाद मिलिमीटर पुरे. स्टेन्सिल सरळ वर उचला आणि लगेच धुवा. नाव लिहायचं तर लगदा रिकाम्या मेंदीच्या कोनात भरा. रात्रभर पंख्याखाली वाळू द्या. हेअर ड्रायर लावलात तर बुडबुडे येतात. वाळल्यावर डोळे मिटून बोट फिरवा. लोंबी ओळखता आली तर कार्ड पास!

हा लगदा डबीतल्या पेस्टइतका टिकाऊ नाही, हे मात्र खरं. अगदी नाजूक जाळीची नक्षी हवी असेल किंवा लग्नाची पन्नास कार्डं करायची असतील, तर सरळ डबी आणा. एकदोन कार्डांसाठी रांगोळी झिंदाबाद.

शेवटचा टप्पा पोस्टाचा. फेविकॉल दमटपणात पुन्हा चिकट होतो, म्हणून नक्षीवर बटर पेपर ठेवा आणि पाकिटात मागेपुढे पुठ्ठा घाला. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये सामावलं गेलं, तेव्हा स्पीड पोस्टच करा. काउंटरवर शिक्का नक्षीपासून लांब मारायला सांगा. पत्ता मात्र नीट लिहा, कारण एक सिहोरा मध्य प्रदेशात जबलपूर जिल्ह्यातही आहे! असे घोळ टाळण्यासाठीच श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. दोन्ही सिहोऱ्यांचा पहिला आकडा ४ च आहे, म्हणून सहाही आकडे ठळक लिहा.

भंडाऱ्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. कार्ड त्याच्या आत पोचलं, तर आजी ते चार जणांच्या हातात देईल. लागा मग कामाला!