दोन तारांचे संभाषण

आमचा एक माजी विद्यार्थी यंत्रे दुरुस्त करतो. गेल्या पावसाळ्यात खानापूरकडे एक पोकलेन (कोणत्याही कंपनीचे असो, लोक पोकलेनच म्हणतात!) एकाएकी मुके झाले. पडद्यावर ‘इंजिनाशी संपर्क नाही’ एवढेच. मालक महागडा कंट्रोलर बदलायला निघालेले. याने बॅटरी सोडवून, पीळ दिलेल्या दोन तारांमधील रोध मोजला. १९८६ साली बॉशने जगापुढे मांडलेल्या या ‘कॅन’ पद्धतीत दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. समांतर जोडणीने ६० भरावेत. मीटरने १२० दाखविले. म्हणजे एक टोक तुटलेले. इंजिनाकडच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडल्या होत्या.

“सर, समांतर रोध तुम्हीच शिकविलात,” तो म्हणाला. वाचकहो, मी मराठीचा शिक्षक. श्रेय विज्ञानाच्या सरांचे. पण त्या क्षणी खुलासा करवला नाही.