गेटच्या आतली जागा

‘माजी सैनिकांना प्राधान्य’ असे ज्या जाहिरातीत छापलेले असते, ती जाहिरात बहुतेक वेळा सुरक्षारक्षकाची असते. नसली तर ड्रायव्हरची. चाकण, रांजणगाव, शिरवळ, वाळूज, सातपूर, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीच्या वेळी फाटकाशी उभे राहून पाहा. बस आत सोडणारा, ट्रकचा नंबर रजिस्टरवर उतरवून घेणारा एखादा तरी गडी ताठ उभा असतो, मिशा नीट कातरलेल्या, बूट लखलखीत. तो फौजेत होता एवढे सगळ्यांना माहीत असते. फौजेत काय करत होता, हे मात्र आतल्या इमारतीत बसणाऱ्या आपल्या मनुष्यबळ विभागाला क्वचितच ठाऊक असते.

सुरक्षेचे काम हलके आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. २००५ चा खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदाच रक्षक नेमताना माजी सैनिकांना प्राधान्य देण्याची मुभा देतो. संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय माजी सैनिकांच्या सुरक्षा एजन्सींना पुरस्कृत करते, आणि आपल्या राज्याच्या माजी सैनिक महामंडळाची, म्हणजे ‘मेस्को’ची, उद्योगजगतातली ओळखही मुख्यतः रक्षक पुरवणारी संस्था अशीच आहे. फाटकापर्यंतची वाट अशी चांगली मळलेली आहे. तक्रार इतकीच की फाटकाच्या आत जाणारी वाट आपण कधी पाडलीच नाही.

तिन्ही दलांतून दरवर्षी साधारण साठ हजार माणसे निवृत्त होतात. सैन्य तरुण राहावे म्हणून जवानाला पस्तिशी-चाळिशीतच घरी पाठवले जाते, हवालदार झालेला असेल तर त्यानंतर थोड्या वर्षांनी. म्हणजे पंधरा-वीस वर्षांचा अनुभव गाठीशी आणि तेवढीच वर्षे कामाची शिल्लक. ‘अनुभवी माणूस मिळत नाही हो’ हे पालुपद आमच्या प्रत्येक परिसंवादात ऐकू येते, म्हणून हा हिशेब मांडावासा वाटला.

एक उदाहरण जवळून पाहू. बायोडेटावर ‘सीक्यूएमएच’ अशी अक्षरे दिसतात. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार. शंभर-सव्वाशे जवानांच्या कंपनीचे रेशन, कपडे, तंबू, पलंग, भांडी, कंदिलापासून दोरखंडापर्यंत सगळे याच्या ताब्यात आणि याच्या सहीने. कुठली वस्तू कोणाच्या नावे उसनी गेली, कुठली निकामी ठरवायची, कशाची मागणी आत्ता टाकली तर हिवाळ्याआधी पोचेल, हे त्याला पाठ. दोन-तीन वर्षांनी युनिट हलते, राजस्थानातून अरुणाचलात म्हणा. मग तोच सगळा पसारा मोजून, बांधून, रेल्वेच्या वाघिणीत चढवायचा, दुसऱ्या टोकाला मोजून उतरवायचा आणि लेजरशी जुळवायचा. महत्त्वाची वस्तू कमी भरली तर चौकशी बसते. आता हा माणूस आपल्या स्टोअर्समध्ये सहायक म्हणून अर्ज करतो. त्याच्या बायोडेटात लिहिलेले असते: ‘भारतीय सेनेत बावीस वर्षे सेवा. शिस्तप्रिय. कष्टाळू.’ आपल्या चाळणीला ‘इन्व्हेंटरी’ आणि ‘एसएपी’ हे शब्द हवे असतात. ते सापडत नाहीत. अर्ज बाजूला पडतो आणि महिन्याभराने तोच माणूस एजन्सीच्या गणवेशात आपल्याच गेटवर हजर होतो.

एसएपीचे पडदे सहा आठवड्यांत शिकवता येतात. साठ्यातली तूट स्वतःच्या इज्जतीवर घेणारा माणूस तयार करायला किती वर्षे लागतात, हे स्टोअर्स सांभाळलेल्या वाचकांनीच सांगावे.

नौदल आणि वायुदलातल्या तंत्रज्ञांचे त्यातल्या त्यात बरे चालते. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत शिकून जहाजाच्या इंजिनरूममध्ये उमेदवारी केलेल्या माणसाचा ट्रेड कागदावरही कारखान्याला ओळखीचा वाटतो. पंचाईत होते ती पायदळवाल्याची. त्याच्यासाठी थोडी मेहनत आपल्यालाच घ्यावी लागेल. लष्करी ट्रेड आणि नागरी व्यवसाय यांची सांगड घालणारे कोष्टक पुनर्वसन महासंचालनालयाने केलेले आहे. मॅट्रिक झालेल्या आणि पंधरा वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकार गट ‘क’च्या पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीने धरते. आपली ऑनलाइन अर्जपद्धती मात्र ‘पदवी’ची चौकट रिकामी दिसली की पुढचे पान उघडत नाही. हा अडसर काढायला संचालक मंडळाचा ठराव लागत नाही.

मग मुलाखत. या उमेदवाराने शेवटची परीक्षा अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, भरतीच्या मैदानावर धावून दिलेली असते. पगाराची घासाघीस त्याने आयुष्यात केलेली नसते. वेतन आयोग जे देईल ते हातात पडले. ‘अपेक्षा किती?’ या प्रश्नावर तो म्हणतो, ‘साहेब, तुम्हाला योग्य वाटेल ते.’ आणि आपल्यातला एखादा हुशार अधिकारी मनात खूश होऊन आकडा खाली आणतो. वर कारणही तयार असते: ‘तुम्हाला पेन्शन आहेच की!’

या वाक्यावर आमचा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की पेन्शन ही मालकाची मेहरबानी नव्हे, आधी केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे. न्या. यशवंतराव चंद्रचूड तेव्हा सरन्यायाधीश होते आणि ते स्वतः त्या पीठावर होते. हिवाळे सियाचीनमध्ये काढल्याबद्दल देशाने त्याला जे देऊ केले, ते आपल्या कंपनीच्या पगारपत्रकातली बचत कसे काय ठरते? ज्या उमेदवाराच्या घरी वीस एकर ऊस आहे त्याचा पगार आपण त्या हिशेबाने कापतो का? त्याच खुर्चीतल्या दुसऱ्याला जेवढे, तेवढेच यालाही. शिवाय कमी पगारावर आलेला माणूस शेजारच्याचा पगार कळला की जातो. आणि तो कळतोच, कॅन्टीनमध्ये, पहिल्या दोन महिन्यांत.

माणूस टिकवण्याचा प्रश्न इथूनच सुरू होतो, पण पगारापाशी संपत नाही. ‘चाळिशीतला सुभेदार सव्वीस वर्षांच्या मॅनेजरच्या हाताखाली काम करील का?’ ही शंका आम्हाला हमखास विचारली जाते. विचारणाऱ्याला पलटणीची रचना माहीत नसते. अकादमीतून नुकताच बाहेर पडलेला लेफ्टनंट पहिल्या दिवशी ज्याच्या आधाराने प्लॅटून चालवायला शिकतो, तो त्याच्या वडिलांच्या वयाला आलेला जेसीओच, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड अधिकारीच, असतो. हुकूम पोराचा, अनुभव याचा. आणि तो पोरगाही त्याला ‘साहेब’ म्हणूनच हाक मारतो. वयाने लहान वरिष्ठाची त्याला जन्मभराची सवय आहे. सवय नसते ती वेगळ्या प्रकारच्या वरिष्ठाची: जो निर्णय टाळतो, तोंडी सांगतो, आणि अंगाशी आले की ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणतो. निरोपाच्या मुलाखतीत ही माणसे ‘घरगुती अडचण’ लिहून मोकळी होतात. थोडे खोदले तर कारण बहुधा वरच्या साहेबाच्या या सवयीत सापडेल. तेव्हा माजी सैनिकांसाठी रुजू-प्रशिक्षण आखताना त्यातला एक दिवस त्यांच्या लाईन मॅनेजरसाठी ठेवा. काम काय, कोणाला विचारायचे, कुठवर स्वतः ठरवायचे, हे एका पानावर लिहून द्या. त्याचा फायदा बाकीच्या कामगारांनाही होईल, हा भाग निराळा.

दुसरा गैरसमज बदलीचा. ‘मिलिटरीवाला आहे, कुठेही जाईल.’ जाणार नाही. लेकरांचे पहिले पाऊल, पहिला दात, शाळेचा पहिला दिवस ज्याने फोनवर ऐकला, तो मुलगी दहावीत असताना सातारा सोडून हरिद्वारच्या प्लांटला कशाला जाईल? सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर हे फौजेला पिढ्यान्‌पिढ्या माणसे देणारे मुलूख, आणि यांच्याच उशाशी एमआयडीसी आहेत. गावाजवळची नोकरी हे आपल्या हातातले सगळ्यात स्वस्त आमिष आहे. ते वापरायचे सोडून आपण पुण्यातल्या पदासाठी त्याला बोलावतो आणि वर्षभरात तो गेला की कपाळाला हात लावतो.

मालकांची एक तक्रार खरी आहे. राज्य सरकारच्या वर्ग तीन आणि चारच्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. सरकारी बँकांतही लिपिकाच्या पदांसाठी राखीव जागा आहेत. निकाल लागला की माणूस राजीनामा देतो. यावर इलाज नाही आणि शोधूही नये. निवृत्तीनंतरची पहिली दोन-तीन वर्षे हे होणार असे धरून चाला, आणि ज्याची परीक्षांची उमेद सरली आहे अशा पंचेचाळिशीतल्या माणसाला वयाच्या अटीवर परत पाठवू नका. तोच टिकतो.

आणखी एक गोष्ट, जी परिसंवादात कोणी बोलत नाही. काही व्यवस्थापने माजी सैनिकाला शॉप फ्लोअरवर आणतात ती कामगारांवर वचक बसावा म्हणून. युनियनशी बोलणी फिसकटली की त्याला पुढे उभे करायचे. अशाने तो दोन्हीकडून जातो; कामगार त्याला मालकाचा माणूस समजतात आणि मालक त्याला काठी समजतो. औद्योगिक संबंध सांभाळण्याचे काम आपले आहे. ते दुसऱ्याच्या छातीवरच्या पदकांमागे लपून करू नये.

सत्काराचेही तेच. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठीचा खर्च सामाजिक दायित्वात मोडतो, म्हणून २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, शाल, श्रीफळ आणि फोटो ठरलेले. जरूर करा. पण भरतीचा विषय त्या खात्याकडे ढकलला की माजी सैनिक म्हणजे उपकार करायची जागा, असे कंपनीला वाटू लागते.

हे सगळे आता लिहिण्याचे कारण अग्निवीर, म्हणजे अग्निपथ योजनेतून चार वर्षांसाठी फौजेत घेतलेली मुले. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ संपता संपता भरतात. फार तर पंचवीस टक्के कायम होतील; बाकीचे सुमारे पावणेबारा लाखांचा सेवा निधी घेऊन घरी येतील. वय एकवीस ते सत्तावीसच्या आसपास. पेन्शन नाही, ‘माजी सैनिक’ हा दर्जाही नाही. म्हणजे वर सांगितलेली पेन्शनची पळवाट इथे तशीही बंद आहे. जून २०२२ मध्ये योजनेवरून देशभर आंदोलने पेटली, तेव्हा आनंद महिंद्रांसह अनेक उद्योगपतींनी या मुलांना नोकऱ्या देण्याची तयारी जाहीर केली होती. त्या शब्दाची अंमलबजावणी आपल्या टेबलावर येणार आहे. या मुलांना फौजेत वरच्या हुद्द्याचा अनुभव मिळालेला नसेल. पण वीस-बावीसाव्या वर्षी सिग्नलचे संच, गाड्या, जनरेटर हाताळलेला मुलगा हा आयटीआय झालेल्या नवख्याच्या एक पाऊल पुढेच असतो. त्यालाही शिट्टी-काठीसह केबिनमध्ये बसवायचे असेल, तर मग कुशल मनुष्यबळाच्या टंचाईवर पुन्हा लेख पाठवू नका.

वाचकांना आमची विनंती साधी आहे. या महिन्यात आपल्या कंपनीतल्या, कंत्राटदाराकडच्यांसकट, सर्व माजी सैनिकांची यादी करा. प्रत्येकाचे डिस्चार्ज बुक मागून घ्या आणि नावापुढे त्याचा ट्रेड लिहा: वाहन मेकॅनिक, स्टोअरकीपर, नर्सिंग असिस्टंट, ऑपरेटर, क्लार्क. मग ती यादी आणि आपल्या रिकाम्या पदांची यादी शेजारी शेजारी ठेवा. बाहेरून माणसे हवी असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र पाठवा. प्रत्येक पदाचे नेमके काम, पगार आणि ठिकाण त्यात लिहा, नुसते ‘शिस्तप्रिय उमेदवार हवेत’ नको. दोन्ही याद्या जुळवताना काय आढळले ते आम्हाला कळवा. कंपनीचे नाव न देता ते आम्ही पुढच्या अंकात छापू.