विश्लेषण : एक बल्ब काढला, तर दुसऱ्याचे काय? शाळेतला विजेचा प्रयोग नेमका कुठे चुकतो?

दिवाळीला माळ्यावरून काढलेली दिव्यांची जुनी माळ लावली आणि ती पेटलीच नाही, की घरातले कोणीतरी एकेक बल्ब हलवून पाहू लागते. चाळिसातला एक बल्ब गेला की सगळी माळ अंधारात. त्याच घरात स्वयंपाकघरातला दिवा गेला, तरी बाहेरच्या खोलीतला मात्र चालू राहतो. पहिली एकसर जोडणी, दुसरी समांतर. हा फरक राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात ‘धाराविद्युत’ या पाठात येतो आणि त्यावरची गणिते बहुतेक मुले सोडवतात. पण सूत्र येणे आणि वीज समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोग नुसता उरकला, तर ही दरी बुजत नाही.

एकसर आणि समांतर जोडणीत फरक काय?

एकसर जोडणीत विद्युतधारेला एकच वाट असते. त्यामुळे सगळ्या बल्बांतून सारखीच धारा जाते आणि विभवांतर वाटले जाते. २३० व्होल्टवर चाळीस सारख्या बल्बांची एकसर माळ लावली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पावणेसहा व्होल्ट येतात. वाट कुठेही तुटली की सगळेच थांबते. समांतर जोडणीत प्रत्येक बल्बला स्वतंत्र वाट मिळते. विभवांतर सगळ्यांना सारखे आणि धारांची मात्र बेरीज होते. तीन व्होल्टच्या बॅटरीला १० ओहमचे दोन रोध एकसर जोडले, तर ०.१५ अँपिअर धारा वाहते. तेच दोन रोध समांतर जोडले तर ०.६ अँपिअर, म्हणजे चौपट.

मुलांचे नेमके कुठे चुकते?

‘पहिला बल्ब वीज खातो, उरलेली दुसऱ्याला मिळते’ हा समज जगभर आढळतो. ब्रिटनमधील संशोधक डेव्हिड शिपस्टोन यांनी १९८०च्या दशकात शाळकरी मुलांमधील अशा समजुतींचा अभ्यास केला. दुसरा समज त्याहून चिवट आहे. बॅटरी नेहमी ठरावीकच धारा देते, मग पुढे काहीही जोडा, असे अनेकांना वाटते.

वॉशिंग्टन विद्यापीठातील लिलियन मॅक्डरमॉट आणि पीटर शॅफर यांनी १९९२ मध्ये एक साधा प्रश्न चर्चेत आणला. सारख्या बॅटऱ्या, सारखे पाच बल्ब. एक एकटा जोडलेला, दोन एकसर, दोन समांतर. प्रखरतेनुसार क्रम लावा. बरोबर उत्तर असे : एकटा बल्ब आणि समांतरमधले दोन्ही सारखेच प्रखर, एकसरमधले दोन्ही सारखेच मंद. महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणाऱ्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांनाच ते जमले. म्हणजे अवघड गणिते सोडवणारेही तीन तारांच्या चित्रावर अडखळले.

मग प्रयोग कसा व्हावा?

सामान फारसे लागत नाही. दीड व्होल्टचे दोन सेल, विजेरीचे दोन सारखे बल्ब, होल्डर, थोडी तार. महत्त्वाचा आहे तो क्रम. स्विच दाबण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायला हवा, तोही कारणासह. दोन बल्ब एकसर जोडले तर पहिला जास्त प्रखर असेल का? एक काढला तर दुसऱ्याचे काय होईल? कोणत्या जोडणीत सेल लवकर संपतील?

अंदाज लिहून झाला की बल्ब पेटवायचा. दोन्ही बल्ब सारखेच मंद दिसले की ‘पहिला वीज खातो’ हा समज मुलाच्या स्वतःच्या डोळ्यांदेखत मोडतो. त्यांची जागा अदलाबदल करून पाहिली की शंकाही उरत नाही. आधी अंदाज नसेल, तर मूल फक्त ‘पेटला’ एवढेच पाहते आणि जुना समज सोबत घेऊन घरी जाते.

एक पथ्य मात्र कडक हवे. हे प्रयोग फक्त सेलवर करायचे, घरातल्या प्लगवर कधीही नाही. सेलची दोन टोके तारेने थेट जोडायची नाहीत; तार तापून बोट भाजते.

एलईडीमुळे घोळ का होतो?

विजेरीत आता एलईडी आली आणि जुन्या तारेच्या बल्बची जागा प्रयोगाच्या संचातही ती घेऊ लागली. पण एलईडी म्हणजे छोटा बल्ब नव्हे. लाल एलईडी पेटायला साधारण १.८ ते २ व्होल्ट लागतात, पांढरीला ३च्या आसपास. दोन सेलवर दोन लाल एलईडी एकसर जोडल्या, तर त्या जवळपास पेटतच नाहीत. मूल निष्कर्ष काढते की एकसर जोडणी चालतच नाही. एकाच रोधामागे लाल आणि पांढरी समांतर जोडली, तर लाल पेटते आणि पांढरी विझलेली राहते. पुस्तक सांगते की समांतरमध्ये सगळे पेटायला हवेत. यात चूक मुलाची नाही आणि नियमाचीही नाही. वस्तू चुकीची निवडली गेली. एकसर-समांतर शिकवताना तारेचेच बल्ब हवेत. एलईडीचा धडा नंतर, वेगळा.

‘रीडिंग जुळवणे’ ही खरी अडचण?

दहावीला विज्ञानाच्या १०० गुणांपैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. पण प्रयोगवहीत आधी उत्तर आणि मग त्यावरून रीडिंग, हा उलटा प्रवास अनेकांनी शाळा-कॉलेजात केलेला आहे. विजेच्या प्रयोगात त्याचा तोटा सर्वाधिक. दोन बल्ब एकसर जोडले की सूत्रानुसार धारा निम्मी व्हावी. प्रत्यक्षात अमीटर निम्म्याहून जास्त दाखवतो. कारण मंद पेटलेल्या बल्बची तार कमी तापते आणि थंड तारेचा रोध कमी असतो. समांतरमध्ये दुसरा बल्ब लावताच पहिला किंचित मंद होतो, कारण सेललाही स्वतःचा अंतर्गत रोध आहे.

म्हणजे ‘चुकलेले’ रीडिंग हेच खरे रीडिंग होते आणि त्यातच शिकण्यासारखे सर्वाधिक होते. ते खोडून सूत्राचे उत्तर लिहायला लावले, की मूल विज्ञानाऐवजी खोटे लिहिण्याची सवय शिकते. गुण जुळलेल्या उत्तराला न देता, आधीचा अंदाज, प्रत्यक्ष रीडिंग आणि फरकाचे कारण या तिन्हींना द्यायला हवेत. हे अशक्य नाही. मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ या काळात चाललेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सरकारी शाळांतील मुले प्रयोग करून शिकत होती आणि परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा होती.

संगणकावरचा प्रयोग पुरेसा नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पात पडद्यावर परिपथ जोडता येतो आणि धारा वाहताना दिसते. तिथल्याच २००५ मधील एका अभ्यासात, पडद्यावर सराव केलेले विद्यार्थी खरा परिपथ जोडण्यातही सरस ठरले. त्यामुळे संगणकाला नाक मुरडण्यात अर्थ नाही. डोळ्यांना न दिसणारी धारा तो दाखवतो. पण सैल तार, उतरलेला सेल, गंजलेला होल्डर त्यात समोर येईलच असे नाही. दोष शोधणे हा विजेच्या शिक्षणाचा अर्धा भाग आहे आणि तो हातानेच येतो. दोन्ही हवेत, एकाच्या नावाखाली दुसरा वगळू नये.

हे समजले नाही तर काय बिघडते?

एक्स्टेंशन बोर्डवरची सगळी उपकरणे समांतर असतात. हजार वॉटची इस्त्री सुमारे ४.३ अँपिअर घेते, दीड हजार वॉटची किटली ६.५. दोन्ही एकाच ६ अँपिअरच्या बोर्डवर लावली, तर त्याच्या वायरीतून जवळपास ११ अँपिअर जातात. वायर तापते, प्लास्टिक वितळते आणि आगीला निमित्त मिळते. सॉकेट रिकामे आहे म्हणून आणखी एक प्लग खुपसणारा माणूस ‘धारांची बेरीज होते’ हे कधीतरी शिकलेला असतो, पण त्याने ते पाहिलेले नसते.

उलट उदाहरण इलेक्ट्रिशियनच्या दुकानात दिसते. त्याच्याकडे ‘सिरीज बोर्ड’ असतो : एक बल्ब आणि एक सॉकेट, एकसर जोडलेले. दुरुस्तीचा पंखा लावल्यावर बल्ब पूर्ण पेटला तर आत शॉर्ट, मंद पेटला तर वाइंडिंग शाबूत असण्याची शक्यता, पेटलाच नाही तर तार तुटलेली. शॉर्ट असूनही फ्यूज उडत नाही, कारण धारा बल्बमधूनच जाते. एकसर जोडणीचा अर्थ त्याच्या रोजच्या कामात उतरलेला आहे. नववीच्या वर्गातही तो उतरू शकतो. त्यासाठी दोन सेल, दोन बल्ब आणि चुकीचा अंदाज लिहिण्याची मुभा एवढे पुरे.