हिरण्यकेशीच्या माशाला कायदा मिळाला, आपल्या ओढ्यातल्या माशाचं काय?

पहिला जोराचा पाऊस झाला की आपल्याकडं चढणीच्या माशांची गडबड सुरू होते. बॅटरी, जाळं, कोयता घेऊन पोरं रात्री ओढ्यावर. हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, त्यात गैर काही नाही. पण अलीकडं ओढ्यात ब्लीचिंग पावडर पडते, विजेचा करंटही सोडला जातो. मोठ्या माशाबरोबर अंडी, पिल्लं सगळंच साफ.

आंबोलीचं उदाहरण घ्या. सावंतवाडी तालुक्यातल्या आंबोलीत हिरण्यकेशी मंदिराजवळच्या कुंडात तेजस ठाकरे आणि सहकारी संशोधकांना एक नवा मासा सापडला. २०२० साली त्याची जगात पहिल्यांदा नोंद झाली. नाव शिस्टुरा हिरण्यकेशी. लांबीला बोटभरही नाही. मासेमारीमुळं तो संपू शकतो म्हणून राज्य सरकारनं २०२१ मध्ये तिथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली.

निर्णय चांगलाच. एवढ्याशा जागेत राहणारा मासा वाचवायचा तर त्याचं पाणीच राखावं लागतं. पण २.११ हेक्टर म्हणजे सव्वापाच एकर. नदी तिथून पुढं आजरा, गडहिंग्लजकडं जाते, ते संरक्षण काही तिच्याबरोबर वाहत जात नाही.

मग बाकीच्या माशांना कोण? वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. शोभेच्या टाकीसाठी परदेशात जाणाऱ्या 'मिस केरळ' माशाचं नाव त्यात अनुसूचीत आलं. आता परवानगीशिवाय तो नदीतून पकडणं, विकणं गुन्हा. पण हा कायदा यादीवर चालतो. ज्या माशाला अजून शास्त्रीय नावच नाही, तो यादीत येणार कसा?

इथं गावाच्या हातातला कायदा कामाला येतो. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानं ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. गावातले मासे, झाडं, औषधी वनस्पती लोकांना विचारून नोंदवहीत लिहायच्या. बाहेरचा कुणी धंद्यासाठी मासे गोळा करायला आला तर त्याच्याकडून शुल्क घेण्याची तरतूदही त्यात आहे. घरच्या कालवणापुरते मासे धरणाऱ्या गावकऱ्यावर हा कायदा उठलेला नाही, हे नीट समजून घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून जिवंत मासे नेणारा दिसला, तर "कुणाला विचारून?" असं विचारायचा हक्क मात्र गावाला आहे.

आणि विष किंवा स्फोटक टाकून मासे मारणं तर इंग्रजांच्या १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. तिथं नवा कायदा नको, फोन उचलून कळवणारा माणूस पाहिजे.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. आपल्या समितीत कोण कोण आहे? नोंदवही कुठं आहे? तिच्यात आपल्या ओढ्यातले मासे किती लिहिलेत? म्हाताऱ्या माणसांना पंधरा-वीस माशांची नावं तोंडपाठ असतात. ती आधी कागदावर आली पाहिजेत. नोंदच नसेल, तर उद्या मासा गेला तरी काय गेलं हे कुणाला कळणार?

आणि यंदा चढणीचे मासे धरताना अंड्यानं भरलेली मादी दिसली तर सोडून द्या. पुढच्या वर्षीचं कालवण तिच्याच पोटात आहे.