पाच डॉलरची बाटली

परदेशी वाइन आपल्याकडे एवढी महाग का, याचं उत्तर द्राक्षमळ्यात नाही. बंदरात आणि मंत्रालयात आहे. भारत आयात वाइनवर वर्षानुवर्षं 150 टक्के सीमाशुल्क घेत आला. म्हणजे पाचशे रुपयांची बाटली गोदीतून बाहेर पडतानाच साडेबाराशेची होते. राज्याचं उत्पादन शुल्क, लेबल नोंदणी, व्हॅट आणि दुकानदाराचा नफा चढतो तो या आधीच फुगलेल्या रकमेवर. पिण्याची दारू जीएसटीबाहेर असल्याने राज्यंही वेगळे देश असल्यासारखी वागतात. नाशिकची वाइन कर्नाटकात गेली की परकीच. अर्थात महाराष्ट्राच्या 2001 च्या धोरणाने इथल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली नसती, तर नाशिकला आज एवढ्या वाइनरी दिसल्या नसत्या. खरी मेख आहे डिसेंबर 2022 पासून लागू झालेल्या ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारात. पाच डॉलरपासून पुढच्या बाटलीवर शुल्क आधी 100 टक्के आणि दहा वर्षांत 50; पंधरा डॉलरपासून पुढे आधी 75 आणि शेवटी 25. पाचच्या आतल्या बाटलीला मात्र कवडीची सवलत नाही! नाशिकच्या वाइनशी खरी टक्कर या स्वस्त बाटलीचीच होती, तेव्हा ती दारातच अडवली हे मला पटतं. फक्त मग ‘ग्राहकाला स्वस्त वाइन’ असा डंका कुणी पिटू नये. स्वस्त होतेय ती पंचतारांकित हॉटेलातली.